चौकटीत पडलेलं कुंकू

समुद्र अमावास्येला आणि पौर्णिमेला सगळ्यात लांब हटतो. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करूनही मी याचा कधी विचार केला नव्हता. नोकरी लागल्यावर करावा लागला.

नोकरी म्हणजे कॉलेजातल्या एका सरांच्या सर्वेक्षणात मदतनिसाची तात्पुरती जागा. तापी खाडी होऊन समुद्राला मिळते तिथल्या चिखलात कोणते किडे राहतात ते पाहायचं होतं. किडे म्हणजे गांडुळाचे खाऱ्या पाण्यातले नातलग. अंगावर कड्याला लागून कडं, बाजूंना केसांसारखे बारीक पाय, काही नखाएवढे, काही वीतभर. कुठल्या जातीचा किडा कुठे दाटीनं राहतो यावरून त्या चिखलात काय काय येऊन पडतं त्याचा अंदाज येतो. भरतीच्या वेळी हा चिखल पाण्याखाली असतो. म्हणून मोठी ओहोटी गाठायची, आणि मोठी ओहोटी अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच मिळते. कॉलेजची जीप मला सुरतेतल्या पर्वत पाटियाच्या नाक्यावरून उचलायची आणि मगदल्ल्याच्या पुढे नेऊन सोडायची.

काम सोपं होतं आणि घाण होतं. लोखंडी चौकट चिखलावर ठेवायची, तिच्या आतला चिखल वीतभर खोल कापून बादलीत घ्यायचा, चाळणीत घालून वरून खाडीचं पाणी ओतत राहायचं. चाळणीत जे उरेल ते बरणीत. त्यात फॉर्मलिन आणि एक गुलाबी रंग. हा रंग किड्यांच्या अंगाला धरतो, वाळूला आणि शिंपल्यांना धरत नाही, त्यामुळे नंतर पांढऱ्या ट्रेमध्ये किडे चिमट्यानं वेचता येतात. वेचताना किडे तुटतात. डोकं असलेला तुकडाच मोजायचा, नाहीतर एकाचे तीन होतात. माझी बोटं कायम गुलाबी असायची. सुरतेत त्याचं कुणाला काही वाटत नसे. आमच्या गल्लीत कितीतरी पुरुष रंगाईच्या मिलमध्ये होते, त्यांचे हात निळे-हिरवे असायचे.

आमची गल्ली म्हणजे निम्मा खानदेशच होता. वडील लूमवर पाळ्या करायचे. आई घरीच असायची, पण गल्लीत तिचा एक मान होता, आणि तो कानबाईमुळे होता. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. कानबाई म्हणजे देवीचा नारळ, तो घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो. गाव सोडताना बहुतेकांचे नारळ गावी थोरल्या भावाकडे राहिले होते. आईनं आमचा सुरतेला आणला होता, लुगड्यात गुंडाळून, मांडीवर ठेवून. त्यामुळे गल्लीतल्या आमच्याकडच्या सगळ्या घरांची कानबाई आमच्या खोलीत बसायची. वर्षभर आईला कुणी काही विचारत नसलं तरी त्या आठवड्यात तिच्याशिवाय पान हलत नसे.

दुसरा मान आईनं स्वतः तयार केला होता, तो म्हणजे मी. "मन्ही पोर सायन्समा सायबीण शे," असं ती नळावर सांगायची. त्यात तिनं हळूहळू एक खुर्ची घातली, मग पंखा, मग पाणी आणून देणारा शिपाई. मला ते कानावर यायचं. मी ते खोडत बसले नाही. आईच्या गोष्टी खोडायच्या म्हटल्या तर दुसरं काही करायला दिवस उरला नसता.

आदल्या वर्षी सुरतेत प्लेग झाला होता. गल्ली रिकामी होऊन पुन्हा भरली होती, पण परत आलेली माणसं पूर्वीची नव्हती. उंदीर, ताप, कसलाही वास, कसलीही बाटली, सगळ्याला घाबरायची.

अशा दिवसांत एका रविवारी मी घरी बरण्या घेऊन बसले होते. रविवारी प्रयोगशाळा बंद असायची आणि काम साचलं होतं. दाराशी उजेड होता म्हणून दारातच ट्रे मांडला. शेजारची मावशी चाळणी मागायला आली. ती सख्खी मावशी नव्हती, पण आईची सगळ्यात जवळची मैत्रीण होती, आणि मला तिनं लहानपणी आंघोळी घातल्या होत्या. तिनं ट्रेकडे पाहिलं.

"हाई काय शे व?"

"किडे आहेत, मावशी."

"रक्तमा?"

"रक्त कुठलं. रंग आहे तो."

"कोठून आनस?"

मी सांगणार इतक्यात आई आतून ओरडली, कारण हा विषय तिचा होता. "तापीवरून आनस ती. दर आमोशाले नि पुनमले जास. सायबनी गाडी लेवाले येस."

मावशी चाळणी न घेताच गेली. आईला तेव्हा वाटलं, गाडीचं ऐकून गेली.

पुढे काय झालं ते आम्हाला तुकड्यातुकड्यांनी कळलं. मावशीच्या नातवाला ताप होता आणि तो हटत नव्हता. पोर वाळत चाललं होतं. औषध चालू होतं, उतारेही चालू होते. एक दिवस आमच्या उंबऱ्यासमोर लिंबू-मिरची पडलेली दिसली. मी केरात टाकली. मग मी गल्लीतून जाताना बायका पोरांना पदराआड घ्यायला लागल्या. एकीनं तर माझ्याकडे हसून पाहिलं आणि हसता हसताच पोराचं तोंड दुसरीकडे वळवलं.

डाकीण हा शब्द माझ्या तोंडावर कुणी उच्चारला नाही. तो आईनं नळावर ऐकला. अमावास्येला नदीवर जाते, चिखल उकरते, लाल पाण्यात किडे घालून पलंगाखाली ठेवते, बोटं बघा तिची. आईनं मला हे सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती आणि तिनं मान वर केली नाही. मला राग यायला हवा होता. लाज वाटली. कपडे न घालता बाहेर जाऊन आल्यासारखी. आपण काही केलेलं नाही हे पक्कं ठाऊक असूनही मी दुसऱ्या दिवसापासून हात ओढणीत गुंडाळून गल्ली ओलांडायला लागले, आणि तसं चालताना आणखीच डाकिणीसारखी दिसत असणार.

मग मावशी आली. दारातच उभी राहिली. "अक्का, तुमना घरमा जागा लहान पडस," ती आईला म्हणाली. "औंदा कानबाई आमनाकडे बसाडूत. नारळ तेवढा तुमना द्या."

आई म्हणाली, "देखूत."

आमच्या खोलीएवढीच मावशीची खोली होती. जागेचा प्रश्न नव्हता हे दोघींनाही माहीत होतं.

आईनं रडारड केली नाही. ती सरळ विचार करणारी बाई होती, माझा स्वभाव तिच्यावरच गेला आहे. दुसऱ्या दिवशी ती नळावर गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "येती आमोशाले सगळ्या चाला. मन्ही पोर काय करस ते सोता देखी ल्या." एकीचा नवरा साड्यांची गाठोडी वाहणारा टेम्पो चालवायचा. त्याला तिनं विचारूनही टाकलं होतं.

मला हे घरी आल्यावर कळलं.

"आई, ते सर मला काढून टाकतील."

"नि माले गल्लीनं काढी टाकं ते?"



ती आषाढाची अमावास्या होती, आमच्याकडे दिव्यांची, सुरतेत दिवासो. मी नेहमीप्रमाणे जीपमधून पुढे गेले. सरांना काही सांगितलं नाही. मनात म्हटलं, टेम्पो बिघडेल, पाऊस येईल, बायका कंटाळतील. ओहोटी लागली होती, चिखल चकचकत होता. मी सलवार मांडीपर्यंत खोचून गुडघाभर चिखलात उतरले होते. माझा जोडीदार मदतनीस, एक थट्टेखोर सुरती माणूस, काठावर बरण्यांना चिठ्ठ्या लावत होता. त्यानं मान वर करून पाहिलं आणि म्हणाला, "बेन, दिवासानी पिकनिक आवी."

टेम्पोच्या मागच्या फळीवरून बायका उतरत होत्या. नवी लुगडी, डोक्यावर पदर, हातात डबे. दोघींनी दिवे आणि पूजेची ताटं घेतली होती, कारण अमावास्येला नदीवर मोकळ्या हातानं कसं जायचं. सगळ्यात पुढे आई होती. तिच्यामागे मावशी.

सर काठावर आले. चाळिशीचे होते, चष्म्याच्या काचा सतत पुसत असायचे. वाईट माणूस नव्हता. पण ओहोटीच्या वेळी त्यांचं डोकं तापलेलं असायचं, कारण पाणी कुणासाठी थांबत नाही. "आ बधां कोण छे?" त्यांनी मला विचारलं.

"माझी आई आहे, सर. आणि शेजारच्या. बघायला आल्यात."

"शुं जोवा?"

मी चौकट उचलून पुढच्या जागी नेली. काय सांगणार होते? मी डाकीण आहे का ते बघायला, सर.

बायका काठावर रांगेनं उभ्या राहिल्या. मी चौकट ठेवली, ती चारी बाजूंनी सारखी बसली आहे का ते बघायला गुडघ्यांवर बसले, हातानं कडेचा चिखल नीट केला. आत पाय पडू नये म्हणून वाकून, हळू. हे मी दर वेळी करायचे. पाठीमागे कुणीतरी म्हणालं, "हाई आपलीच तापीमाय." आणि खरंच होतं ते. आमच्या गावावरून वाहत येणारं पाणीच इथे येऊन चिखल होतं. दुसरी म्हणाली, "हा व माय."

माझ्या बाजूला चपक चपक आवाज आला. मावशी चप्पल काढून, एका हातात पूजेचं ताट नि दुसऱ्यानं लुगडं वर धरून चिखलात उतरली होती. माझ्याजवळ येऊन तिनं चौकटीकडे पाहिलं, गुडघ्यांवर बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा सैल झाला. ती पुटपुटली, "पूजा करस पोर. आम्ही काय समजनूत." आणि ताटातलं हळदकुंकू चिमटीनं चौकटीच्या बरोबर मध्ये वाहिलं. मग आणखी एक चिमूट. मग वर तांदूळ.

मी सुटले होते. त्या एका चिमटीत आईची कानबाई परत आली होती. हे मला त्याच क्षणी कळलं. आणि त्याच क्षणी सर ओरडले.

"अरे आ शुं कर्युं? आखुं सॅम्पल बगडी गयुं."

ते तरातरा चिखलात आले. मला म्हणाले की तुला साधी अक्कल नाही का, इथे काय चाललं आहे ते ठाऊक नाही का, घरची जत्रा घेऊन येतेस, पाणी वळेल आता, अजून निम्म्या जागा राहिल्यात. गुजरातीत बोलत होते. मला वाटत होतं, मराठीत किंवा इंग्रजीत बोलले असते तर बरं झालं असतं. गुजराती त्या सगळ्या बायकांना येत होती. शेठ त्याच भाषेत ओरडायचे, मिलमध्ये, दुकानात, भाड्याच्या खोलीच्या दारात. तो सूर त्यांच्या ओळखीचा होता. बाईनं मान खाली घालून ऐकायचं असतं तो सूर. मीही मान खाली घातली होती. माझ्या मांड्या उघड्या होत्या, त्यांच्यावर चिखल वाळत चालला होता, आणि रांगेतली प्रत्येक बाई माझ्याकडे बघत होती.

मावशी ताट धरून तिथेच उभी होती. तिला वाटलं असणार की देवीलाच नको होतं.

मग आई आली. नवं लुगडं चिखलात बुडवत ती सरळ सरांपुढे येऊन उभी राहिली आणि तिनं हात जोडले.

"साहेब, भूल थई गई. छोकरीनो दोष नथी."

आई सरांपेक्षा वयानं मोठी होती. तिनं वाकून त्यांच्या पायांकडे हात नेला तेव्हा सर मागे सरकले आणि घसरता घसरता वाचले. "ना ना, माजी, आ शुं करो छो," म्हणाले. चष्मा काढला, पुसला, पण बोटं चिखलाची होती, काच आणखी माखली. मग मला हळू म्हणाले, "बाजूचं घे. लवकर."

मी चौकट उचलली आणि हातभर बाजूला ठेवली. चिखल कापला. घाईत कडा वेड्यावाकड्या आल्या. बादली उचलायला गेले तर टेम्पोवाल्याच्या बायकोनं ती माझ्या हातातून घेतली. तिच्याकडून दुसरीनं घेतली. कुणी काही ठरवलं नव्हतं. बायकांना बादली उचलता येते, एवढंच. पाणी भरून आणत होत्या, मी चाळत होते. माझा जोडीदार म्हणाला, "आवती अमासे पण लेता आवजो," तेव्हा दोघीतिघी हसल्या. आई हसली नाही.

चाळता चाळता एकीनं विचारलं, "तुले असाच बोलस का तुना साहेब?"

"नाही. आज चुकलं ना."

"इतली शिकनी नि गारा उपसस?" गारा म्हणजे चिखल. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच वाईट वाटत होतं. "माले वाटनं, तू खुर्चीवर बसत व्हशी."

सगळ्यांना तसंच वाटत होतं. खुर्ची, पंखा, शिपाई. त्या डाकीण बघायला आल्या होत्या आणि त्यांना त्यांच्यासारखीच एक मजूरबाई दिसली होती, फक्त लग्न न झालेली, आणि उगाच पुस्तकांत डोकं घालून इतकी वर्षं घालवलेली. मी काठावर आले तेव्हा मावशीनं तिच्या पदरानं माझे हात पुसले. बोटांचा गुलाबी रंग काही निघाला नाही. ती म्हणाली, "राहू दे. आमना ह्यासना हात बी असाच." ह्यांचे हातही असेच. तिचा नवरा रंगाईत होता.

मला त्या क्षणी वाटलं, डाकीणच बरी होती. डाकिणीला निदान लोक घाबरतात.

जीपमध्ये जागा होती, तरी मी आईबरोबर टेम्पोत बसले. बायका भाकरी खात होत्या, मला आग्रहानं जास्त वाढत होत्या. पोरी, खा, दमनी. आई कोपऱ्यात फळीला टेकून बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "खुर्ची नही ते सांगाले पाहिजे व्हतं."

"तू विचारलंच नाहीस."

"इचारानं राहास का आसं?"



मावशीच्या नातवाला विषमज्वर निघाला. दवाखान्यात ठेवल्यावर ताप उतरला. याचा आमच्या चिखलाशी काही संबंध नव्हता, पण त्यानंतर गल्लीत तो विषय राहिलाच नाही. कानबाई आमच्याच घरी बसणार हे मावशीनंच नळावर सांगून टाकलं. आईला पाहिजे ते मिळालं होतं. मात्र ती नळावरून आता लवकर परत यायची.

कानबाईच्या आदल्या दिवशी बायका आमच्याकडे जमल्या. रोटाचं, म्हणजे देवीच्या जाड पोळ्यांचं, पीठ मळायचं होतं, पुरण शिजत होतं, देवीचा पाट सजवायचा होता. मला कुणी परातीपासून लांब ठेवलं नाही. उलट सगळ्यात मोठी परात माझ्यापुढे सरकवली. सगळ्याजणी माझ्याशी फार चांगलं वागत होत्या, आणि त्यांचं ते चांगलं वागणं मला खाली मान घालून सोसावं लागत होतं. टेम्पोवाल्याची बायको म्हणाली, "मी बोलू का आमना शेठले? साड्यासन्या घड्या करानं काम शे. बशीसन. पंखाखाले."

"नको, काकू. आहे हे बरं आहे."

"बरं काय त्यामा," ती म्हणाली, आणि इतरांनी माना हलवल्या.

आई पुरण वाटत होती. ऐकत होती.

दुपारी कडोदऱ्याहून वडिलांची एक लांबची आत्या आली. ती वर्षातून एकदा, कानबाईलाच यायची. तिला गल्लीतलं काही ठाऊक नव्हतं. पाणी पिऊन झाल्यावर तिनं माझ्याकडे बोट केलं आणि आईला विचारलं, "हाई पोर काय करस आते?"

खोलीतले सगळे हात थांबले. मावशीनं नारळाला गुंडाळायचं वस्त्र तसंच धरून ठेवलं. दर वर्षी या प्रश्नाला आईचं उत्तर तयार असायचं आणि ते लांबलचक असायचं. मी परातीत बघत राहिले. आईनं खुर्ची म्हटलं असतं तरी कुणी तिला खोटं पाडलं नसतं. सणासुदीला सगळ्याजणी ऐकून घेणार होत्या, आणि मला त्याचीच जास्त भीती होती.

आईनं वरवंटा बाजूला ठेवला.

"गारा उपसस," ती म्हणाली. "खाडीना. त्यामाना किडा मोजस."

आत्या म्हणाली, "आं?"

"किडा," आई पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं, बहिऱ्या माणसाला सांगतात तसं. तिचे कान लाल झाले होते. "डोकं ऱ्हायनं तेच मोजस. तुकडा मोजत नही."

हे तिला मी कधी सांगितलं होतं ते मला आठवत नव्हतं. आत्याला त्यातलं काही कळलं नाही. ती म्हणाली, "बरं बाई," आणि पंखा लाव म्हणाली, उकडत होतं. मावशीनं वस्त्राची गाठ मारली. मी पीठ मळत राहिले. ते कधीच मळून झालं होतं, पण मला मान वर करायची नव्हती.